सॅक दोनदा भरायची

सॅन होजे, कॅलिफोर्निया
१२ मार्च

चि. मृण्मयी,


उत्तरकाशीचा बेसिक कोर्स ‘ए’ ग्रेड घेऊन पार पाडलास, शाब्बास! ताईनं ही बातमी मला फोनवर अर्धी कौतुकानं, अर्धी तक्रारीच्या सुरात दिली. जूनमध्ये इकडे आलीस की माउंट व्हिटनीच्या ईस्ट फेसवर मामाबरोबर चढायचं, असा तुझा बेत. मला मान्य आहे. परवान्याच्या अर्जात तुझं नावही घातलंय. तू तीन गोष्टी विचारल्यास: चढाई कितपत अवघड, सामान काय घेऊ आणि आईला काय सांगू. फोनवर मी नुसतं ‘होईल गं सगळं’ म्हणून मोकळा झालो असतो, म्हणून बसून लिहितोय.

पहिल्याचं उत्तर सोपं. इथल्या श्रेणीत ईस्ट फेस ५.७ आहे. आधीचा पाच म्हणजे दोर लावून चढायचा कातळ, टिंबापुढचा आकडा अवघडपणाचा. जगात आज हा आकडा ५.१५ पर्यंत पोचलाय. तैलबैल्याच्या भिंतीवर लीड केलेल्या मुलीनं ५.७ ची धास्ती घ्यायचं कारण नाही. फक्त एवढं ध्यानात ठेव, की हा आकडा वाटेतल्या सगळ्यात अवघड दोन-चार हालचालींपुरताच बोलतो. त्या हालचाली करताना तू चौदा हजार फुटांच्या आसपास असशील. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ टक्के. आदल्या दिवशी पंधरा-अठरा किलो पाठीवर वाहून आणलेले असतील आणि चढाई संपली तरी दिवस संपलेला नसेल. यातलं काहीच त्या आकड्यात येत नाही.

सुळक्यावर आपण काय करतो ते आठव. रात्री पायथ्याच्या गावात देवळात मुक्काम, सकाळी खिंडीत सॅक उतरवायच्या, हार्नेस चढवायचा आणि वर निघायचं. माथ्यावर फोटो काढले, की त्याच दोरावरून रॅपलिंग करत परत सॅकपाशी. चढताना अंगावर फक्त चढाईचं सामान. आपल्या बेसाल्टमध्ये भेगा मध्येच संपतात, म्हणून बोल्ट आणि पिटॉन मारावे लागले. एकानं मारले की मागच्यांना ते आयते मिळतात. व्हिटनीचा ग्रॅनाइट निराळा. सव्वाआठ-साडेआठ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटात सावकाश थिजलेला. त्याच्या भेगा लांबच लांब असतात. त्यांत नट आणि फ्रेंड ही साधनं अडकवत वर जायचं, मागून येणाऱ्यानं ते काढत यायचं. आणि मुख्य फरक म्हणजे चढलो त्या वाटेनं उतरायचं नाही. पूर्वेच्या कड्यानं माथा गाठायचा आणि उत्तरेकडून वळसा घेत बर्फाच्या घळीतून खाली यायचं. त्यामुळे पायथ्याशी ठेवलेली वस्तू माथ्यावर कामाची नाही. उतरताना बर्फ लागणार, म्हणजे आइस ॲक्स आणि क्रॅम्पॉन त्या कातळावरून वर न्यायचे, जिथे त्यांचा काडीचा उपयोग नाही, उलट अडचणच.

या एका सहलीत दोन उलटे उद्योग आहेत. डोंगरात राहायला जे जे लागेल ते वाहून न्यायचं, हा पहिला. कड्यावर जे जे वेळ खाईल ते मागे ठेवायचं, हा दुसरा. पहिला तुला कोर्समध्ये घोटून घोटून शिकवलाय. दुसरा आपला आपणच शिकावा लागतो.

आधी पहिल्याबद्दल. लोन पाइन हे पायथ्याचं गाव ३,७०० फुटांवर. तिथून डांबरी रस्ता व्हिटनी पोर्टलला जातो, ८,३०० फुटांच्या वर. पहिली रात्र तिथेच काढू, फुप्फुसांना सवय व्हायला. दुसऱ्या दिवशी मोठी पायवाट सोडून ओढ्याच्या कडेनं वर. वाटेत एबर्सबाकर लेजेस म्हणून अरुंद पट्ट्या लागतात. तिथे पाठीवरची सॅक तुला बाहेरच्या बाजूला ओढेल. पुढे लोअर बॉय स्काउट लेक, अप्पर बॉय स्काउट लेक आणि मग १२,६०० फुटांवर आइसबर्ग लेक. पाच मैलांच्या आत चार हजारांवर फूट चढ. जूनमध्ये तळं बहुधा गोठलेलंच असतं. बर्फ सकाळी दगडासारखा टणक, दुपारी असा मऊ, की पाय मांडीपर्यंत आत जातो. म्हणून लवकर निघायचं आणि दुपारपर्यंत तंबू लावून मोकळं व्हायचं.

खाण्याचं म्हणशील, तर डाळ-तांदूळ विसर. त्या उंचीवर पाणी साधारण ८८ अंशांवरच उकळतं. तुरीची डाळ रात्रभर शिजवलीस तरी दाण्याला दाणा लागणार नाही. उपम्याचं पीठ, भाजलेल्या शेवया, पोहे चालतील. ताई लाडू देईलच, तेही आण. मात्र अस्वलांसाठीच्या डब्यात मावतील एवढेच. हा जाड प्लॅस्टिकचा डबा इथे सक्तीचा आहे. वास येणारी प्रत्येक वस्तू, अगदी टूथपेस्टसुद्धा, रात्री त्यात जाते. आइसबर्ग लेकवर अस्वलापेक्षा मार्मोटचा उपद्रव जास्त. मांजराएवढं गुबगुबीत जनावर, घामाच्या मिठासाठी सॅकचे पट्टे कुरतडतं. आणखी एक, आत्ताच सांगून ठेवतो: या भागात शौचसुद्धा पिशवीत बांधून खाली आणावं लागतं. नाक मुरडू नकोस. राजमाचीच्या वाटेवर सुट्टीच्या दिवशी काय दिसतं ते आठव, म्हणजे हा नियम पटेल.

दुसरा उद्योग तळ्याकाठी, त्याच संध्याकाळी सुरू होतो. सगळं सामान मॅटवर ओतायचं आणि सॅक पुन्हा भरायची. दोघांत एकच साठ मीटरचा दोर. फ्रेंडचा एक संच, थोडे नट, लांब स्लिंग. पाणी माणशी दीड लिटर. एकेक हलकी ॲक्स. क्रॅम्पॉन ॲल्युमिनियमचे, बुटांवर पट्ट्यांनी बसणारे. पिसांचं जॅकेट, वारा अडवणारा कोट, हेडटॉर्च. तंबू, स्लीपिंग बॅग, स्टोव्ह सगळं तळ्यावर. तू हातमोज्यांचे दोन जोड उचलशील, मी म्हणेन एक पुरे. तू म्हणशील, ओले झाले तर? मी तो जोड राहू देईन आणि तुझा कॅमेरा काढून ठेवीन. रॉक शूजवरून तर भांडणच होईल. माझं मत, ५.७ ला चांगले ॲप्रोच शूज पुरतात. पण जी लांबी तू लीड करशील तिथे पायाचा भरवसा तुझा तुला हवा, तेव्हा शेवटचा शब्द तुझा.

या भांडणात एक कसोटी उपयोगी पडते. वस्तूंचे दोन ढीग कर: अडकू नये म्हणून लागणाऱ्या आणि अडकलो तर लागणाऱ्या. हेडटॉर्च, क्रॅम्पॉन, कोरडे हातमोजे पहिल्यातले. स्टोव्ह, जास्तीचा दोर, स्लीपिंग बॅग दुसऱ्यातले. नवख्याला दुसरा ढीग धीर देतो, पण तो वाढला की चढाई मंदावते आणि अडकण्याचीच शक्यता वाढते. दहा दोरलांब्या धर. प्रत्येकीत ओझ्यापायी दहा मिनिटं जास्त गेली, तर शंभर मिनिटं झाली. ती दुपारच्या ढगांत मोजली जातात. पहिल्या ढिगातली एकही वस्तू काढायची नाही आणि दुसऱ्यातली प्रत्येक वस्तू हातात धरून विचारायचं: ही नसेल तर जीव जाईल, की फक्त रात्र वाईट जाईल? रात्र वाईट जाणार असेल तर ती वस्तू तळ्यावर राहू दे.

ही वाट पहिल्यांदा चढली गेली १६ ऑगस्ट १९३१ ला. हार्वर्डमध्ये शिकवणारे रॉबर्ट अंडरहिल त्या उन्हाळ्यात सिएरा क्लबच्या मंडळींना दोराची शास्त्रशुद्ध पद्धत शिकवायला पश्चिमेत आले होते. त्यांच्याबरोबर ज्यूल्स आयकॉर्न आणि ग्लेन डॉसन, दोघंही एकोणीस वर्षांचे, आणि सेहेचाळीस वर्षांचा नॉर्मन क्लाइड. चौघांनी हा कडा सव्वातीन तासांत काढला. आज उत्तम बूट आणि फ्रेंड असूनही बहुतेकांचा अख्खा दिवस जातो. आणि या चौघांतला क्लाइड कोण, तर व्हिटनीच्या या सगळ्या सिएरा रांगेत अवाढव्य ओझ्यासाठी प्रसिद्ध असलेला माणूस! जवळच्या इंडिपेंडन्स गावातल्या हायस्कुलाचा हा मुख्याध्यापक. हॅलोवीनच्या रात्री खोड्या काढणाऱ्या पोरांना भिववायला त्यानं बंदूक झाडली आणि नोकरी गमावली. पुढचं आयुष्य त्यानं डोंगरातच काढलं. त्याच्या सॅकमध्ये तवे, भांडी आणि ग्रीक-लॅटिन पुस्तकंसुद्धा असत. पण ते सगळं तळापर्यंत. कड्यावर हाच माणूस सव्वातीन तासांत माथ्याला. क्लाइडला दोन्ही उद्योग येत होते आणि कुठला कुठे संपतो हेही कळत होतं.

त्यांना घाई असायला कारणही होतं. तीनच दिवस आधी, १३ ऑगस्टला, हेच चौघं आणखी काही जणांबरोबर पॅलिसेड रांगेतल्या एका शिखरावर होते आणि वीज आयकॉर्नच्या अगदी जवळ कोसळली. तो थोडक्यात बचावला. त्या शिखराला मग थंडरबोल्ट पीक हेच नाव पडलं. व्हिटनीच्या माथ्यावर १९०९ साली बांधलेली दगडी खोली आहे. ती पाहून हायसं वाटतं, पण विजेच्या वेळी तिच्यात शिरायचं नाही. १९९० मध्ये तिथे आसऱ्याला थांबलेला एक जण विजेनं गेला. कडक गडगडाट जुलै-ऑगस्टमध्ये जास्त होतो, तरी जूनवर विसंबू नये.

म्हणून घड्याळ असं: चारला उठायचं, उजाडताना कड्याच्या पायाशी. भिंत पूर्वेची, सकाळी भरपूर ऊन, दुपारी सावली आणि थंडी. सुरुवातीला टॉवर ट्रॅव्हर्स ही अरुंद पट्टी, पायाखाली एकदम पोकळी. मग वॉशबोर्ड, सिमेंटच्या पत्र्यासारखा पन्हळींचा सोपा चढ. तिथे प्रत्येक लांबीला थांबत बसायचं नाही. दोघांनी एकदम चालायचं, दोर मधे कातळाच्या बोंडांना अडकवत. वॉशबोर्डच्या माथ्यावर दहाच्या आत पोचलो आणि आभाळ निवळ असेल, तरच पुढे. कारण पुढे फ्रेश एअर ट्रॅव्हर्स आहे, डावीकडे आडवी चाल, खाली शेकडो फूट काही नाही. हालचाल कठीण नाही, पण ती ओलांडली की मागे फिरणं फार जिकिरीचं. त्यानंतर ग्रँड स्टेअरकेसच्या मोठाल्या पायऱ्या आणि शेवटी ती आकड्यातली अवघड भेग.

एका बाबतीत तू इथल्या पोरांपेक्षा पुढे असशील. जिममध्ये शिकलेली मंडळी हाताला येईल तो दगड विश्वासानं ओढतात. सह्याद्रीत घसाऱ्यावर वाढलेला माणूस आधी ठोकून बघतो. ती सवय सोडू नकोस. मोठाल्या पायऱ्यांवर सुटे धोंडे पडलेले असतात आणि खाली दुसरी जोडी असू शकते.

उतरण हीच माझ्या मते खरी परीक्षा. माथ्यावरून खिंडीपर्यंतचे काही शे फूट उत्तरेला तोंड करून आहेत. बाकी डोंगर वितळला तरी तिथे सावलीत घट्ट बर्फ टिकतो. अपघात होतात ते बहुधा इथेच, दमलेल्या पायांनी, ‘झालं की आता’ म्हणताना. खिंडीखालची घळ पूर्वेची, तिथे तोवर बर्फ मऊ झालेला. एकाच उतरणीत दोन बर्फ. वरचा भाग निळसर, काचेसारखा दिसला तर त्याच्या नादी लागायचं नाही. मोठ्या पायवाटेनं अकरा मैल चालत पोर्टलला उतरू आणि तंबू आणायला दुसऱ्या दिवशी परत चढू. पाय शिव्या देतील, देऊ देत.

आता आईचं. तिला ‘काही धोका नाही’ असं सांगू नकोस. खोटं आहे, आणि तिला कळतंही. हे सांग: आमच्याकडे उपग्रहावरून निरोप धाडणारं यंत्र आहे. पहाटे निघताना, माथ्यावर आणि तंबूत परतल्यावर असे तीन निरोप येतील. शेवटचा रात्री नऊपर्यंत आला नाही, तरी सकाळपर्यंत धीर धर, कारण उशीर होणं म्हणजे अपघात नव्हे. यंत्रावरचं बटण दाबलं, तर इन्यो काउंटीच्या शेरीफकडे निरोप जातो आणि शोधपथकातले स्वयंसेवक निघतात. पण त्यांना पोचायला दिवसही लागू शकतो. आणि मागे कुठून फिरायचं, ते आम्ही घरी बसूनच ठरवलंय. ताईला यातलं शेवटचं वाक्य पटेल. तिनं जन्मभर हिशेबाचंच काम केलंय.

नवीन सामान विकत घेऊ नकोस, दोर-फ्रेंड माझे आहेत. पायात मुरलेले बूट तेवढे आण. त्याआधी एक काम कर. मे महिन्यात क्लबबरोबर जाशील, तेव्हा पाच-सहा किलोंची सॅक पाठीवर घेऊनच लीड कर. पोरं हसतील, हसू देत. घरी आल्यावर सॅक रिकामी करून कुठली वस्तू वापरली आणि कुठली नाही, याची यादी मला पाठव. ती बघून लांब्या वाटून घेऊ. फ्रेश एअर ट्रॅव्हर्स मात्र मी आत्ताच तुझ्या नावावर टाकतोय, लीड तू करायचंस.

हे शेवटचं वाक्य ताईला वाचून दाखवू नकोस.

तुझा,
विनूमामा