दिवेलागण

दोन वर्षं एडिंबरात एकटीनं काढली आणि निघायला दहा दिवस उरले असताना आई-बाबा आले. शहर दाखवायचं, मग तिघांनी मिळून परतायचं, असा बेत.

आईची पंचाईत वेगळीच. जूनमध्ये इथं सूर्य मावळायला रात्रीचे दहा वाजतात. पुण्यात सातला देवापाशी दिवा लागतो. इथं सातला ओट्यावर लख्ख ऊन. "उन्हात कसली दिवेलागण?" जेवणं उरकतात, बाबा पेंगायला लागतात, ती निरांजन पुढ्यात घेऊन खिडकीशी बसून राहते. पुणं साडेअठरा अक्षांशावर, हे शहर छप्पन्नवर, हे बाबांनी कागदावर काढून दाखवलं. तिनं पाहिलं, मान डोलावली आणि थांबलीच. मीही आता तिच्याशेजारी बसते. फारसं बोलत नाही आम्ही.

दिवसा भटकतो. आर्थर्स सीट ही इथली टेकडी २५१ मीटर. बाबा चढताना पर्वतीच्या पायऱ्यांचा हिशोब मांडत होते. "इथं मी भाजी घ्यायचे, इथून बस पकडायचे," मी सांगत होते. बाबा म्हणाले, "अगं, अजून चार दिवस आहेत की!"

या खोलीला घर म्हणायला दोन वर्षं जीभ रेटली नव्हती. परवा कुणीतरी पत्ता विचारला, तर सहज 'घरी' म्हणून गेले. आता म्हणून काय उपयोग, कोण जाणे.

उद्या दुपारचं विमान. बॅगा भरून झाल्यात. निरांजन तेवढं बाहेर आहे.