कळ

दुखणे जन्मापासून माणसाच्या मागे लागते. मेंदूच्या व्यापारातून अनुभव कसा उपजतो, हे तपासायला याहून चांगला साक्षीदार नाही.

तान्ह्या बाळाला दुखते का? विसाव्या शतकात बराच काळ अनेक डॉक्टर ‘फारसे नाही’ असेच धरून चालत. कित्येक बाळांवर अपुऱ्या भुलीत शस्त्रक्रिया होत. १९८७ मध्ये कन्वलजीत आनंद आणि पॉल हिकी यांनी विरुद्ध पुरावे एकत्र मांडले. बाळे रडत होतीच. त्या रडण्याचा अर्थ मोठ्यांनी परस्पर ठरवून टाकला होता.

मूल धावू लागले की उंबऱ्याला ठेच लागते. आधी चर्रकन झोंबते, मग अंमळ उशिराने ठणका सुरू होतो. याचा उलगडा चोख आहे. पहिली वर्दी ए-डेल्टा नावाचे मज्जातंतू सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने नेतात. सी तंतू मीटर-दीड मीटरच्या चालीने मागून येतात. अंगठा मेंदूपासून लांब, म्हणून वेळेतले हे अंतर जाणवते. काहींना मात्र ठेच लागूनही काहीच होत नाही. उत्तर पाकिस्तानात निखाऱ्यांवर चालण्याचे खेळ करणारा असा एक मुलगा होता. तो छपरावरून उडी मारून लहानपणीच दगावला. त्याच्या नात्यागोत्यातील मुलांमध्ये एससीएन९ए या जनुकातला दोष २००६ मध्ये सापडला. एक जनुक बिघडले आणि दुखणेच गेले! मेंदू-मज्जेशी अनुभवाचा संबंध नाही, असे म्हणायला इथे जागा उरत नाही.

उतारवयात कुणाचा पाय कापावा लागतो आणि नसलेल्या बोटांत कळा येऊ लागतात. सायलस वीर मिचेल या अमेरिकी डॉक्टरने १८७१ मध्ये याला ‘भुताळी अवयव’ अशा अर्थाचे नाव दिले. म्हणजे कळ पायात नव्हे, मेंदूत घडते.

तरीही तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांनी १९९५ मध्ये मांडलेला अवघड प्रश्न शिल्लक राहतोच: वर्दी पोचली, हात मागे आला, एवढ्यावर भागत असताना वर दुखतेही कशाला? नुसता तंतूंचा तपशील वाढवून याचे उत्तर मिळेल असे दिसत नाही.

अडचण व्यवहारातही येते. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना अनेकदा दुखणे सांगता येत नाही, तेव्हा परिचारिका श्वास, कण्हणे, चेहरा पाहून गुण देतात. २०१३ मध्ये टोर वेगर आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या स्कॅनमध्ये वेदनेची खूण शोधली. पण ती बेतताना माप धरले होते ते धडधाकट माणसांनी ‘इतके दुखतेय’ म्हणून स्वतः सांगितलेल्या आकड्यांचेच.