हप्ता तोच, वर्षं सात जास्त

आयकरासाठी व्याजाचा दाखला मागवला, सोबत गृहकर्जाचा उतारा आला. त्यात शेवटच्या हप्त्याचं साल छापलं होतं 2044. मी निवृत्त होणार 2037 ला. कर्जही तेव्हाच संपावं, असा हिशोब मांडूनच घेतलं होतं. परस्पर सात वर्षं वाढवली, एका ओळीचं पत्र नाही. आजही आठवलं की डोकं तापतं.

घर लालबागचं. चाळीच्या पुनर्विकासात हक्काची जागा मिळाली, तिला जोडून थोडी जास्तीची बिल्डरकडून विकत घेतली. कर्ज एका गृहवित्त कंपनीचं, फ्लोटिंग दराचं. मी परळच्या अनुदानित शाळेत शिक्षिका.

4 मे 2022 ला रिझर्व्ह बँकेनं अचानक रेपो दर 4 वरून 4.40 टक्के केला आणि फेब्रुवारी 2023 पर्यंत तो 6.50 वर नेला. बातम्या मीही वाचत होते. पण खात्यातून दरमहा 9,825 रुपयेच कापले जात होते, त्यामुळे आपल्याला झळ नाही असं वाटे. झळ आतून लागत होती. माझ्या कर्जाचा दर 6.9 टक्के होता तेव्हा या हप्त्यातले 6,300 व्याजात जायचे आणि 3,500 मुद्दलात. दर 9.4 झाल्यावर व्याजात 8,400 जाऊ लागले, मुद्दलात जेमतेम 1,400. म्हणजे महिनाभर राबून घर चौदाशे रुपयांनी माझं होणार!

दादरच्या शाखेत गेले. टेबलामागचा मुलगा नम्र होता, त्यानंच जास्त राग आला. "मॅडम, तुमचा हप्ता वाढला का? नाही ना? मग त्रास काय?" पत्र का नाही, विचारलं तर म्हणे ॲपवर मेसेज टाकला होता. हप्ता वाढवून घ्या, मुदत जुनीच ठेवा म्हटलं, तर तसा पर्याय सिस्टीममध्ये नाही. पैसे माझे, वय माझं, आणि ठरवणार सिस्टीम! लेखी द्या म्हटल्यावर साहेब मीटिंगमध्ये होते.

घरी येऊन जाहीर केलं, हे कर्ज फेडून टाकायचं. बाकी पावणेअकरा लाख. सात लाख शिक्षकांच्या पतपेढीतून, उरलेले भविष्य निर्वाह निधीतून. नवरा म्हणाला, "आगीतून फुफाट्यात." पतपेढीचा दर साडेदहा टक्के, सोडतोय त्यापेक्षा जास्त. सासूबाई काही बोलल्या नाहीत. 1982 च्या गिरणी संपात घरातली भांडी मोडीत घातलेली बाई, कर्ज हा शब्दच त्यांना नको असतो. माझं म्हणणं एवढंच होतं, पतपेढीचे हप्ते 84 आहेत आणि ते 84 च राहतील. फंडातल्या पैशावर 7.1 टक्के व्याज मिळत होतं, ते 9.4 च्या कर्जात घातले, तिथं तर फायदाच.

मे 2023 मध्ये मोकळी झाले. कर्ज फ्लोटिंग असल्यानं मुदतपूर्व फेडीचा दंड लागला नाही. पुढे ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेनंच फर्मान काढलं, की दर बदलला की हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा. हे आधी सुचलं असतं तर!

मोकळी म्हणते, पण पगारातून 11,800 कापले जातात, पूर्वीपेक्षा दोन हजार जास्त. जामीनदार दोन लागतात. त्यातली एक माझ्या शेजारच्या वर्गावरची; तिनं सही केली म्हणून वर्षभरात तिच्या कर्जाला मला उभं राहावं लागलं. आणि 2025 मध्ये रेपो चार वेळा खाली येऊन 5.25 झाला. नवरा ते आकडे मुद्दाम मोठ्यानं वाचतो. हिशोबानं त्याचं बरोबर आहे, तिथंच राहिले असते तर दर आज स्वस्त पडला असता. तरीही 2030 नंतर मी कोणाचं देणं लागत नाही, ही झोप त्याच्या कॅल्क्युलेटरवर दिसत नाही. मात्र मैत्रिणी विचारतात तेव्हा मी सरसकट हो म्हणत नाही. नोकरी पक्की नसेल, तर एक कर्ज फेडायला दुसरं काढू नये.

पण एक जरूर करा. दर वाढल्याची बातमी वाचलीत की आठवड्याभरात लेखी अर्ज द्या, 'मुदत तीच ठेवा, हप्ता वाढवा.' आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय शाखेतून उठू नका.