कोरा नसलेला कॅनव्हास

31 डिसेंबरच्या रात्री आमच्या बेव्हर्ली पार्कात गच्चीगच्चीवर गाणी चालू असतात. बारा वाजले की फटाके, आणि पाठोपाठ व्हॉट्सॲपवर शुभेच्छा. कोरी वही, कोरं पान, नवी सुरुवात. मी चित्रकार असल्यामुळे मला कोऱ्या कॅनव्हासचे फोटो जास्त येतात.

पत्ता ऐकून गावाकडच्या नातेवाइकांना बंगला वाटतो. आहे वन बीएचके. हॉल हाच स्टुडिओ, संध्याकाळी तिथेच मुलांचा ड्रॉइंग क्लास.

यंदा माझ्याकडे कोरा कॅनव्हास नव्हता. होता तो एकच, तीन बाय चार फुटांचा, कपाटामागे भिंतीकडे तोंड करून ठेवलेला.

तीन वर्षांपूर्वी एका बिल्डरने नव्या टॉवरच्या लॉबीसाठी चित्र सांगितलं. "इथलं काहीतरी लोकल हवं." मी भाईंदरच्या मिठागरांत जाऊन स्केचेस केली, मग दोन महिने तेलरंगात काम. खाली मिठाचे ढीग, वर मोठं राखाडी आभाळ. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, जरा उदास वाटतंय." लॉबीत पळत्या घोड्यांचं प्रिंट लागलं. ॲडव्हान्स परत मागितला, मी देऊन टाकला.

त्यानंतर स्वतःचं असं एकही चित्र केलं नाही. फोटोवरून पोर्ट्रेट, वाढदिवसाच्या भेटी, प्लेग्रुपच्या भिंतीवर हत्ती आणि फुगे. भाडं निघत होतं. दर 1 जानेवारीला 'यंदा नक्की' म्हणायचे आणि होळीपर्यंत विसरून जायचे. खरं सांगायचं तर गेल्या दिवाळीत 'आता फक्त क्लासच घ्यायचे' असं घरी सांगूनही टाकलं होतं.

तरीही 1 तारखेला सकाळी तो कॅनव्हास बाहेर काढला. पांढरा करून टाकू, संपला विषय. ॲक्रिलिक गेसोचा डबा उघडला, ब्रश बुडवला आणि कॉलेजात शिकलेलं आठवलं. तेलरंगावर ॲक्रिलिक धरत नाही. आज पांढरं दिसेल, पण पुढे पापुद्रे सुटतील. आधी पॉलिश पेपरने घासायचं, पुसायचं, मग तेलाचाच प्रायमर लावायचा. म्हणजे पुसण्यासाठीसुद्धा त्या चित्राला पुन्हा हात लावणं आलं.

प्रभाकर बरव्यांचं 'कोरा कॅनव्हास' 1990 साली आलं. कॉलेजात असताना मी त्या नावाच्याच प्रेमात होते. 2019 मध्ये मुंबईच्या एनजीएमएत बरव्यांचं मोठं प्रदर्शन भरलं, तिथे त्यांच्या डायऱ्याही होत्या. चित्रांपेक्षा मी त्यांच्यापाशीच जास्त रेंगाळले. नोंदी, रेखाटनं, पुन्हा नोंदी. पुस्तकाला 'कोरा कॅनव्हास' नाव देणाऱ्या माणसाच्या मागे भरलेल्या वह्यांची रांग होती. तेव्हा मला त्याचं नुसतं कौतुक वाटलं होतं. अर्थ लागला तो हातात पॉलिश पेपर घेतल्यावर.

मास्क लावला, पाणी लावून आभाळ घासायला घेतलं. तास-दीड तास नुसता राखाडी चिखल निघत होता. हळूहळू खालचा पहिला हात दिसू लागला, गेरूसारखा तांबूस. हा रंग मी लावला होता हेच विसरले होते. तेव्हा मिठागरातले एक काका आठवले. पाऊस संपल्यावर वाफ्यांत पायांनी चिखल तुडवून जमीन घट्ट करतात, मग भरतीचं पाणी घेतात. मी विचारलं होतं, दरवर्षी नवी माती टाकता का? ते हसले. "नवी कशाला, ताई? गेल्या सालचीच तुडवायची. नवी माती पाणी पिते."

मी मिठाच्या ढिगांपाशी आल्यावर थांबले. ते वाईट नव्हते. उदासही नव्हते. तीन वर्षं मी ते बिल्डरच्या डोळ्यांनी बघत होते, स्वतः वळून पाहिलंच नव्हतं.

ढीग ठेवलेत. आभाळाच्या जागेवर तेलाचा प्रायमर पातळ लावलाय, तांबूस रंग थोडा दिसेल इतकाच. वाळायला बरेच दिवस लागतील. पुढे तिथे काय येईल ते ठरलेलं नाही. मेट्रोचे खांब येतील, कदाचित पुन्हा राखाडी ढग. विकलं जाईल याची खात्री नाही, पोर्ट्रेटच्या ऑर्डरी चालूच राहणार.

सोमवारी क्लासला आलेल्या एका मुलीने विचारलं, "टीचर, हे खराब झालं का?"

"नाही गं," मी म्हटलं, "वाळतंय."

कॅनव्हास आता कपाटाच्या पुढे असतो, तोंड हॉलकडे करून.