इटलीची पाकशाळा

इ. स. २०२५ च्या डिसेंबरात दिल्लीच्या लाल किल्ल्यात युनेस्कोच्या समितीची बैठक भरली होती. मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत त्या बैठकीने आपल्या दीपावलीचा समावेश केला, आणि त्याच बैठकीत इटली देशाच्या स्वयंपाकासही ते स्थान मिळाले. दीपावलीच्या वृत्ताने घरोघरी आनंद झाला असेल. परंतु एखाद्या देशाचा रोजचा स्वयंपाक हाही जतन करण्याजोगा वारसा होऊ शकतो, ही गोष्ट थोड्यांच्याच लक्षात राहिली असेल. पास्ता आणि पिझ्झा हे शब्द आपल्या नातवंडांस आता तोंडपाठ आहेत. ते पदार्थ ज्या भूमीत वाढले, तिची थोडी ओळख वडील मंडळींनीही करून घेणे अप्रस्तुत होणार नाही.

प्रथमच एक समजूत दूर केली पाहिजे. ‘इटालियन स्वयंपाक’ म्हणून कोणतीही एकजिनसी वस्तू प्राचीन काळापासून चालत आलेली नाही. इ. स. १८६१ पर्यंत इटली हे एक राज्यच नव्हते. जितकी संस्थाने तितक्या बोल्या, आणि जितकी खोरी तितक्या चुली, असा तेथील प्रकार होता. शिवाय ज्या जिनसांवाचून आज इटलीचे ताट सजत नाही, त्यांतील कित्येक बाहेरून आलेल्या आहेत. त्या कशा आल्या व कशा रुजल्या, हे पाहण्यासाठी वाचकांनी भिंतीवरचा युरोपचा नकाशा समोर घ्यावा आणि बुटाच्या आकाराच्या त्या द्वीपकल्पाच्या टोकाशी असलेल्या सिसिली बेटापासून प्रवासास आरंभ करावा.

सिसिलीवर नवव्या शतकापासून अकराव्या शतकापर्यंत मुसलमानांची सत्ता होती. त्या काळात लिंबू व ऊस यांची लागवड तेथे रुजली. पुढे नॉर्मन राजा दुसरा रॉजर याच्या आश्रयास असलेल्या अल्-इद्रीसी या भूगोलवेत्त्याने इ. स. ११५४ मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात असे नमूद केले आहे की, पालेर्मोजवळच्या त्राबिया गावी ‘इत्रिया’ नावाच्या वाळवलेल्या शेवया विपुल होतात व जहाजे भरभरून परदेशी जातात. मार्को पोलो चीनहून परतला तो १२९५ साली. तेव्हा शेवयांची कला त्याने चीनहून आणली, ही कथा मनोरंजक असली तरी खरी मानता येत नाही.

सिसिलीच्या ताटातील दुसरी एक वस्तू तर आपल्या ओळखीची आहे. तळलेल्या वांग्यांत शिर्का व साखर घालून तेथे ‘कापोनाता’ नावाची आंबटगोड भाजी करतात. वांगे हे मूळचे आपल्याच देशाकडील. संस्कृत ‘वातिंगण’, त्याचे फारसी ‘बादिंगान’, अरबी ‘बाधिंजान’, आणि शेवटी इटालियन ‘मेलांझाना’, असा त्या शब्दाने फळाबरोबरच प्रवास केला. इटालियन लोकांनी मात्र त्या नावाची फोड ‘वेडे सफरचंद’ अशी केली आणि कित्येक पिढ्या ते फळ संशयाने पाहिले.

समुद्र ओलांडून उत्तरेस निघाले की नेपल्स लागते. येथील लोकांस पूर्वी ‘पाला खाणारे’ म्हणून चिडवीत, इतका त्यांच्या आहारात भाजीपाल्याचा भरणा असे. सतराव्या शतकात मांस महाग झाले, आणि पीठ मळण्याची व दाबून शेवया पाडण्याची यंत्रे आल्यामुळे पास्ता स्वस्त झाला. तेव्हा तेच लोक ‘माकारोनी खाणारे’ ठरले. या पास्त्यास आपल्याकडील बन्सीसारखा कठीण गहू लागतो. त्याचा रवा पाण्यात मळावयाचा आणि ग्रान्यानोसारख्या गावी डोंगर व समुद्र यांकडून येणाऱ्या वाऱ्यावर वाळवावयाचा, अशी तेथील रीत होती.

पास्त्यावरील लाल रस मात्र बराच अर्वाचीन आहे. टोमॅटो, म्हणजे आपल्या वडिलांच्या तोंडची बेलवांगी, ही अमेरिकेतून सोळाव्या शतकात युरोपात आली. त्यांस ‘पोमोदोरो’, म्हणजे सोन्याचे सफरचंद, असे सुंदर नाव मिळाले. परंतु खाण्यास लोक धजत नसत. आंतोनियो लातीनी याच्या पाकग्रंथाचा पहिला भाग नेपल्स येथे १६९२ साली प्रसिद्ध झाला. त्या ग्रंथात भाजलेल्या टोमॅटोंची चटणी आढळते, आणि तिलाही तो ‘स्पॅनिश धर्तीची’ म्हणतो. टोमॅटो व शेवया यांची जोडी जमून ग्रंथात येण्यास एकोणिसावे शतक उजाडले.

आता थेट उत्तरेस, आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी पसरलेल्या पो नदीच्या खोऱ्यात यावे. येथे ऑलिव्हच्या तेलापेक्षा लोण्याचा मान मोठा. पंधराव्या शतकापासून येथे भातशेती आहे व मिलानचा केशरी भात प्रसिद्ध आहे. पार्मा व रेज्जो या भागांत परमेझान नावाचे चीज होते. त्याच्या एका चाकास सुमारे ५५० लिटर दूध लागते, आणि ते निदान बारा महिने मुरवावे लागते. शाकाहारी वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे की, हे दूध फाडण्यासाठी वासराच्या जठरातील द्रव्य वापरण्याचा तेथे नियम आहे.

परंतु या सुपीक खोऱ्यातील कष्टकऱ्यांच्या ताटात भात व चीज क्वचितच पडे. त्यांचे अन्न ‘पोलेंता’, म्हणजे भरड पिठाचा घट्ट घाटा. पूर्वी तो राळे आदी धान्यांचा करीत. अमेरिकेतून मका आला, तो भरघोस पिकू लागला, आणि जमीनदारांनी गहू विकून कुळांच्या वाट्यास मका तेवढा ठेवला. अठराव्या शतकात या लोकांच्या अंगाची कातडी फुटू लागली, पोट बिघडू लागले, बुद्धी भ्रमू लागली व माणसे मरू लागली. मिलानचा वैद्य फ्रापोल्ली याने १७७१ साली या रोगास ‘पेलाग्रा’, म्हणजे खरखरीत कातडी, असे नाव दिले. त्यातील उणीव निकोटिनिक आम्लाची, हे एल्व्हेजेम या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवून दिले ते १९३७ साली.

विशेष असे की, मेक्सिकोत हजारो वर्षे मका खाणाऱ्या लोकांस हा रोग फारसा ठाऊक नव्हता. तेथील बायका मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, धुऊन, मग वाटीत. या एका क्रियेने मक्यातील बद्ध असलेले ते जीवनसत्त्व मोकळे होते. युरोपियनांनी धान्य उचलले. ते सिद्ध करण्याची रीत मागेच ठेवली. धान्य आले, विद्या आली नाही, आणि त्याचे प्रायश्चित्त गरिबांनी भोगले. हा रोग केवळ परदेशाचाच होता असेही नाही. दख्खनच्या पठारावर ज्वारीवाचून दुसरे काही ज्यांस मिळत नसे, अशा दरिद्री लोकांतही तो आढळल्याचे हैदराबाद येथील पोषण-संशोधकांनी १९६० च्या सुमारास दाखवून दिले.

याच खोऱ्याच्या कडेस फोर्लिम्पोपोली या गावी १८२० साली पेल्लेग्रिनो आर्तुझी याचा जन्म झाला. पुढे तो फ्लॉरेन्सला गेला व व्यापारात पैसा मिळवून निवृत्त झाला. सत्तरी ओलांडलेल्या या अविवाहित गृहस्थाने १८९१ साली पाकशास्त्रावर ४७५ कृतींचा एक ग्रंथ पदरमोड करून छापला. प्रकाशक मिळाला नव्हता. पण ग्रंथ घरोघरी पोहोचला, आणि ठिकठिकाणच्या गृहिणी त्यास पत्रे लिहून आपापल्या कृती कळवू लागल्या. तो त्या स्वतःच्या घरी करवून पाहून ग्रंथात घेई. अशा रीतीने कृतींची संख्या ७९० वर गेली. वांगी ही यहुद्यांचे हलके अन्न म्हणून फ्लॉरेन्सच्या बाजारात पूर्वी क्वचितच दिसत, हे सांगून तो यहुद्यांच्याच रसनेची वाखाणणी करतो. १९११ साली तो वारला, तेव्हा ग्रंथाचे हक्क त्याने मारिएत्ता व फ्रांचेस्को या आपल्या घरी स्वयंपाकाचे काम करणाऱ्या दोघांस देऊन ठेवले होते. ज्यांच्या हातची विद्या, त्यांस तिचे फळ, असा हा न्याय झाला.

राज्य एक झाले १८६१ साली. ताट एक होऊ लागले ते या पत्रांमुळे. आणि तरीही सिसिलीची कापोनाता सिसिलीचीच राहिली.

आपल्या एकत्र कुटुंबांतही आजी, काकू, आत्या यांच्या हाती अशा कितीतरी क्रिया आहेत: कोणते धान्य किती वेळ भिजवावे, कशास मोड आणावे, कोणत्या डाळीबरोबर काय शिजवावे. त्यांतील कोणती केवळ सवयीची व कोणती चुन्याच्या पाण्यासारखी, हे विचारल्याखेरीज कळत नाही. घरातील लिहित्या मुलामुलींनी एक वही करावी. तीत जिन्नस व मापे तर उतरून घ्यावीतच. पण ‘असे का?’ हा प्रश्न विचारून त्याचे उत्तरही लिहावे, आणि ज्यांनी सांगितले त्यांचे नाव खाली घालावे.