क्रोनस्टाटचा ठराव आधी वाच

चि. निखिल,



तुझं पत्र आल्यापासून मन थाऱ्यावर नाही. अभ्यासवर्गात त्या मुलीने अराजकवादी बाकुनिनचं नाव काढलं, तर 'असली बडबड भांडवलदारांच्या पथ्यावर पडते' असं सांगून तू तिला गप्प केलंस. आणि वर मला विचारतोस, अराजकवाद्यांत नि लेनिनवाद्यांत असा फरक तो काय? अरे, तिलाच बोलू द्यायचं होतंस. तुझे बाबा असते तर चार शब्द सुनावलेच असते.

ध्येय दोघांचं एकच. राज्यसंस्था अखेर नाहीशी व्हावी हे लेनिनलाही मान्य होतं. 1917 मध्ये लपून राहत असताना 'राज्य आणि क्रांती'त त्यांनी तेच लिहिलं. वाद आहे तो मधल्या काळाचा. लेनिनच्या मते कामगारांनी पक्षाच्या नेतृत्वाखाली सत्ता घ्यायची, वर्ग संपले की राज्य ओसरत जाईल. बाकुनिनचं म्हणणं, सत्तेवर बसलेला कालचा कामगार कामगार राहतच नाही, तो राज्यकर्ता होतो. 1872 मध्ये हेगच्या अधिवेशनात मार्क्सच्या बाजूने त्यांना कामगारांच्या इंटरनॅशनलमधून काढून टाकलं. एवढं तू परीक्षेतही लिहिशील.

मला मात्र आधी एकच बघावंसं वाटतं: आपल्यातल्याच विरोधकाशी संघटना कशी वागते? मार्च 1921. पेट्रोग्राडजवळच्या क्रोनस्टाट नाविक तळावरचे खलाशी म्हणजे क्रांतीतले बिनीचे शिलेदार. शहरातल्या संपकरी कामगारांच्या बाजूने ते उभे राहिले. सोव्हिएतांच्या निवडणुका गुप्त मतदानाने पुन्हा घ्या, कामगार-शेतकऱ्यांना बोलू द्या, असं त्यांचं मागणं. तुझं ठरलेलं उत्तर मला पाठ आहे: यादवी चालू होती, देश उपाशी होता. उपाशी होता, खरंच. पण बोल्शेविकांविरुद्ध लढणाऱ्या सेनापती व्रांगेलचा आदल्या नोव्हेंबरातच क्रिमियात पाडाव झाला होता. तरीही लेनिनच्या सरकारने गोठलेल्या समुद्रावरून फौज पाठवून खलाशांना चिरडलं, आणि त्याच दिवसांत पक्षाच्या दहाव्या काँग्रेसने पक्षातले गटही बंद केले. आधी बाहेरचे गप्प झाले, मग आतले. तुझ्या त्या एका वाक्याने मी घाबरले ती यामुळे.

आपल्याकडच्या एम. पी. टी. आचार्यांचं नाव तुमच्या वर्गात निघतं का रे कधी? 1920 मध्ये ताश्कंदला भारतीय कम्युनिस्ट पक्ष उभा करणाऱ्यांत ते होते. काही महिन्यांत सहसंस्थापक एम. एन. रॉय यांच्याशी बिनसलं, पक्षाबाहेर पडावं लागलं, पुढे ते पक्के अराजकवादी झाले. 1935 मध्ये मुंबईत आले आणि 1954 मध्ये इथेच गेले. शेवटपर्यंत लिहीत राहिले, वाचणारे मात्र थोडे.

लेनिन वाचू नकोस असं मी म्हणत नाही, मन लावून वाच. फक्त हल्ली तुझ्या पत्रांत 'शिस्त' फार येते, माणसं कमी येतात, याची काळजी वाटते. जेवणाकडेही लक्ष नसणार तुझं.

मला उत्तर लिहायला बसण्याआधी क्रोनस्टाटच्या खलाशांचा पंधरा कलमांचा ठराव पूर्ण वाच. त्यातलं कुठलं कलम क्रांतीच्या विरोधात जातं, तेवढं कळव.

तुझी,
आत्या