शर्यतीची शाळा

मोटारींच्या शर्यती तुम्ही टीव्हीवर पाहिल्या असतील. पण अशी गाडी चालवायला शिकवणारी शाळा असते, हे किती जणांना ठाऊक आहे? असते! वर्ग असतो, फळा असतो, डोळे वटारणारे मास्तरसुद्धा असतात. आणि तिथं येणारे सगळे काही मोठे रेसर व्हायला येत नाहीत. डॉक्टर, दुकानदार, कॉलेजची पोरं, कुणीही हौसेनं येतं. मी तर चौथीच्या वर्गाची बाई! दोन वर्षं भिशीत पैसे साठवले आणि मे महिन्याच्या सुट्टीत दोन दिवस तिथली विद्यार्थिनी झाले.

ही शाळा भरते तमिळनाडूत, कोइमतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवर. ट्रॅक सुमारे २.१ किलोमीटरचा, वळणावळणाचा. एस. करिवर्धन नावाच्या हौशी गृहस्थांनी मारुती ८०० चं इंजिन घालून ‘फॉर्म्युला मारुती’ ही एका माणसाची शर्यतीची गाडी घडवली होती. तिच्यामुळे आपल्याकडच्या कितीतरी मुलांना शर्यतीत उतरता आलं. १९९५ साली विमान अपघातात ते गेले. २००३ मध्ये हा ट्रॅक सुरू झाला, त्याला त्यांचं नाव दिलं. कोइमतूरचाच नारायण कार्तिकेयन पंधराव्या वर्षी, १९९२ मध्ये, फ्रान्सच्या विनफील्ड रेसिंग शाळेत शिकायला गेला आणि २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला. म्हणजे त्याचीही सुरुवात शाळेतच!

आता आमच्या शाळेचं ऐका. पहिला तास गाडीविनाच. सर म्हणाले, ‘चला, पायी फिरून या.’ भर उन्हात आख्खा ट्रॅक चाललो. कुठं चढ, कुठं उतार, कुठलं वळण शेवटी आवळत जातं, सगळं पायांना कळलं. डी.एड.ला आम्हाला शिकवलं होतं, ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावं. हे सर डी.एड. न करताच ते जाणत होते!

मग गाडीत बसायचं कसं, ते. पाठ सीटला टेकवून हात लांब केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. मग वाटलं, आता सुसाट! छे, पहिला धडा थांबण्याचा. ताशी ४० किलोमीटर वेगात ब्रेक दाबला, गाडी थांबली तिथं खूण केली. मग ८० वेगात. अंतर दुप्पट होईल असं वाटलं ना? होतं चौपट! खुणा डोळ्यांसमोर होत्या, तरी मी पुन्हा पावलांनी मोजून पाहिलं.

टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढा. ब्रेक आणि वळण ही दोन्ही कामं त्याच्याकडून एकदम पुरेपूर करून घ्यायला गेलात, तर तो घसरतो. म्हणून आधी सरळ रस्त्यावर ब्रेक, मग वळण. वळणात शिरायचं बाहेरच्या कडेनं, मधे आतली कड गाठायची, पुन्हा बाहेर यायचं. त्यानं वळण मोठं होतं, गाडी कमी मंदावते. आणि नजर? नेहमी पुढच्या वळणावर. नजर जिकडे, गाडी तिकडे.

आमच्यात इचलकरंजीचा एकोणीस वर्षांचा एक मुलगा होता. सगळ्यात जोरात तोच. दुपारी एका वळणावर त्याची गाडी गर्रकन फिरली नि बाजूच्या मातीत जाऊन थांबली. धुरळाच धुरळा! सरांनी शांतपणे विचारलं, ‘कुठं बघत होतास?’

‘टायरांच्या भिंतीकडे.’

‘मग तिकडेच जाणार ना!’

सगळे हसले. तो हसला नाही. संध्याकाळी चहा पिताना म्हणाला, ‘ताई, गेल्या वर्षी आम्ही हायवेवर मोटरसायकलींची शर्यत लावली होती. माझा मित्र गेला. इथं बाजूला माती आहे हो. तिथं समोर ट्रक होता.’

मला काय बोलावं ते सुचेना. दुसऱ्या दिवशी झेंडे शिकताना तो सगळ्यांत पुढं बसला. पिवळा म्हणजे पुढं धोका, ओलांडायचं नाही. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय. लाल म्हणजे शर्यत थांबवली. काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा दिसला की संपली. ट्रॅकवर सगळ्यांचं तोंड एकाच दिशेला असतं, डोक्याला हेल्मेट असतं, आणि ही झेंडेवाली माणसं सतत डोळ्यांत तेल घालून उभी असतात.

तुम्हाला अठरा वर्षं पूर्ण व्हायची वाट पाहायला हवी असं नाही. छोट्या मुलांसाठी कार्टिंग असतं. कोल्हापूरच्या मोहिते ट्रॅकवर त्याच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या झालेल्या आहेत. खर्च मात्र आहे, तो लपवत नाही. शर्यतीत उतरायचं तर एफ.एम.एस.सी.आय. या राष्ट्रीय संघटनेचा परवाना काढावा लागतो.

जूनमध्ये शाळा उघडली, तर वर्गातून पहिला प्रश्न आला, ‘बाई, कितवा नंबर आला?’ नंबर नव्हताच. मिळालं एक प्रमाणपत्र. परवान्यासाठी नवी भिशी लावली आहे. आमची पाळी कधी लागते, बघू!